कार्ड कोणतं?

पूर्वी कुणी आजारी पडलं की भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असत. 'काय होतंय?', 'कधीपासून होतंय?' आणि 'औषध कुणाचं?' चौथ्या प्रश्नाची पाळी यायची नाही, कारण तोपर्यंत भेटायला आलेल्या गृहस्थाने स्वतःच औषध सांगायला सुरुवात केलेली असे. दुसऱ्याच्या रोगावर औषध माहीत नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. आमच्या पालघरात सर्दीवर जितके काढे सांगतात, तितक्या शिंकासुद्धा एका सर्दीत येत नाहीत.

हल्ली मात्र हे सगळे प्रश्न मागे पडले आहेत. बातमी कानावर गेली की पहिला प्रश्न येतो, "कार्ड कोणतं?"

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने हे विचारलं तर मी समजू शकतो. पण आता शेजारी विचारतात, व्याही विचारतात, डहाणू लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकून बसलेला अनोळखी माणूसही विचारतो. परवा एकाने गाडीत सांगितलं, "वडिलांना बायपास सांगितलीय." समोरच्याने 'अरेरे' म्हणावं की नाही? त्याने विचारलं, "कार्ड कोणतं?" याने सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मग काय, मजा आहे!" बायपासमध्ये मजा असते हे मला त्या दिवशी सफाळ्याच्या आसपास कळलं.

मी एकतीस वर्षं तारापूरच्या एम.आय.डी.सी.त एका कापडाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं. राहायला पालघर, नोकरीला बोईसर, मध्ये एक उमरोळी. एवढ्या प्रवासात मी माणसं ओळखायला शिकलो ती आडनावावरून नव्हे, कार्डावरून. आमच्याकडे माणसांचे पाच प्रकार आहेत.

पहिले अणुशक्ती केंद्रवाले. १९६९ साली तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, तेव्हापासून हे लोक आमच्यात आहेत. त्यांची वसाहत वेगळी, आरोग्य योजना वेगळी, वसाहतीत रुग्णालयही त्यांचं त्यांचं. त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर जी एक शांतता असते, ती लोकांना अणुशास्त्राच्या अभ्यासाने आली असं वाटतं. ती रुग्णालयाने आलेली आहे. दुसरे ई.एस.आय.वाले, म्हणजे कारखान्यातले कामगार. तिसरे मेडिक्लेमवाले, म्हणजे कारखान्यातच पण पंख्याखाली बसणारे. मी यातला. चौथे आयुष्मान कार्डवाले. आणि पाचवे, ठेकेदाराकडे रोजावर येणारे, ज्यांच्या खिशात फक्त आधार कार्ड असतं. त्याला 'आधार' का म्हणतात हा प्रश्न हॉस्पिटलच्या काउंटरवर उभं राहिल्यावर पडतो.

गंमत अशी की औषधांच्या बाबतीत आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही. तारापूरच्या एम.आय.डी.सी.त औषधांचा मूळ माल बनवणारे कितीतरी कारखाने आहेत. इथून पिंपंच्या पिंपं भरून जातात, दुसरीकडे कुठेतरी त्याच्या गोळ्या होतात, गोळ्यांना चकचकीत कपडे चढतात, आणि मग त्या बोईसरच्या दुकानात माहेरवाशिणीसारख्या परत येतात. माल इथला, वास इथला, त्या वासाने येणारा खोकलाही इथला. फक्त दुखणं जरा मोठं निघालं की माणसाने गाडी धरायची. दक्षिणेकडे मुंबई, सुमारे शंभर किलोमीटर. उत्तरेकडे वलसाड नाहीतर सिल्वासा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. ठाण्याच्या कचेरीतले खेटे वाचले. पण छातीत कळ आली की जिल्हा आठवत नाही, गाडीचं टाइमटेबल आठवतं.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस विम्याबद्दल बोलायला बसला आणि गाड्यांचं वेळापत्रक सांगायला लागला. पण विमा म्हणजे तरी काय? आमच्या हिच्या भाषेत सांगायचं तर विमा म्हणजे भिशी. बारा बायका दर महिन्याला ठरलेली रक्कम काढतात, चिठ्ठी उचलतात, जिचं नाव निघेल तिने सगळे पैसे न्यावे. विम्यातही हेच. फरक एवढाच, की भिशीत आपला नंबर लागावा म्हणून देव पाण्यात ठेवतात आणि विम्यात आपला नंबर लागू नये म्हणून. आणि आणखी एक फरक आहे, तो मला निवृत्तीनंतर कळला. भिशीत नंबर लागल्यावर "तुमचाच का लागला?" असं कुणी विचारत नाही.

ही भिशी कामगारांसाठी सरकारी पातळीवर काढावी, ही कल्पना मांडली ती एका आडारकरांनी. प्रा. बी. पी. आडारकर. १९४३ साली सरकारने त्यांना कारखान्यांतल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं आणि १९४४ च्या ऑगस्टात त्यांनी अहवाल हातावर ठेवला. त्यावरून १९४८ च्या एप्रिलमध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला. तिकडे इंग्लंडात त्यांची ती सुप्रसिद्ध राष्ट्रीय आरोग्य सेवा त्याच वर्षी ५ जुलैला सुरू झाली. म्हणजे कायद्यापुरते आम्ही साहेबाच्या अडीच महिने पुढे होतो. पुढे प्रत्यक्ष दवाखाना उघडायला १९५२ चा फेब्रुवारी उजाडला, तोही कानपूर आणि दिल्लीत, ही गोष्ट वेगळी. कायदा आणि दवाखाना यांच्यात चार वर्षांचं अंतर ठेवायची आपली जुनी पद्धत आहे.

या योजनेतलं मर्म मला हिशेबाचा माणूस म्हणून फार आवडतं. हप्ता तुमच्या पगारावर ठरतो, दुखण्यावर नाही. २०१९ पासून कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. तुम्ही तिशीचे आहात की पंचावन्नचे, बिडी ओढता की जानवं, कुणी विचारत नाही. उपचार मात्र गरजेप्रमाणे. धडधाकट माणसाने आजाऱ्याला हात द्यायचा आणि जास्त पगाराच्याने कमी पगाराच्याला. आमच्या खात्यातले कामगार ई.एस.आय.च्या दवाखान्यातल्या रांगेला शिव्या देत. रांग होतीच, शिव्याही रास्त होत्या. पण रांगेच्या टोकाला बसलेला डॉक्टर "तुम्हाला हा रोग आधीपासून होता का?" असं विचारून घरी पाठवत नव्हता.

एकच खोच होती, पगाराच्या मर्यादेची. २०१७ साली ती पंधरा हजारांवरून एकवीस हजारांवर गेली. आमच्या स्टोअरमधल्या एका हमालाचा पगार वाढून या रेषेच्या जरासा पलीकडे गेला. त्याने पेढे वाटले. चालू मुदत संपल्यावर कार्ड बंद झालं, तेव्हा त्याने मला विचारलं, "साहेब, थोडा पगार परत देता येतो का?" घरी बायकोचं डायलिसिस चालू होतं. त्याच्या अर्जावर मी शिफारस लिहिली. पगार कमी करून मिळावा अशी शिफारस एकतीस वर्षांत मी एकदाच केली. व्यवस्थापनाने ती नामंजूर केली. पगारवाढ मागितली असती तर निदान नामंजुरीचा त्यांना सराव होता.

आम्ही मेडिक्लेमवाले या सगळ्याकडे जरा वरून पाहायचो. मेडिक्लेम हे प्रकरण १९८६ सालचं. तेव्हा सामान्य विम्याच्या चारच कंपन्या आणि चारही सरकारी, कारण १९७३ च्या सुरुवातीला शंभरावर खासगी कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन त्यांच्या चार मोळ्या बांधल्या होत्या. पुढे १९९९ चा कायदा आला, २००० पासून खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडलं, आणि २००१ मध्ये नियम होऊन एक नवीनच प्राणी जन्माला आला. त्याचं नाव टी.पी.ए. म्हणजे तिसरा पक्ष. आता लग्नात वरपक्ष असतो, वधूपक्ष असतो, हे मला माहीत आहे. तिसरा पक्ष म्हणजे जो कुणाच्याच नात्यातला नसतो आणि पहिल्या पंगतीला बसलेला असतो तो. पण इथला तिसरा पक्ष जेवत नाही, वाढप्याच्या हातावर लक्ष ठेवतो. 'यांना दुसरी जिलेबी का वाढलीत? एकीवर भागलं नसतं का?'

नोकरीत होतो तोवर मला याची झळ लागली नाही. कंपनीचा ग्रूप विमा होता आणि मला कसलाही आजार नव्हता. एकतीस वर्षांत मी आजारपणाची रजा काढली ती बहुतेक क्रिकेटच्या मोसमात. मग निवृत्तीचा दिवस आला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि त्याच महिन्याच्या अखेरीला विमा संपला. म्हणजे बघा, ज्या वयात गुडघे ठणठणीत होते तेव्हा गुडघ्यांना विमा होता. आता गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यांना सांगायचं की तुम्ही आता आपापले पाहा. या हिशेबात कुठेतरी चूक आहे असं मला वाटलं. पण नाही, भाचा म्हणाला, हाच हिशेब आहे.

हा भाचा विम्याचं काम करतो. गुणी मुलगा. त्याने वेळेवर सांगितलं, "मामा, ग्रूपमधून बाहेर पडण्याआधी त्याच कंपनीच्या घरगुती पॉलिसीत सरका. म्हणजे आधीची वर्षं धरली जातात." हे खरं आहे, २०११ पासून तशी सोय आहे, आणि नोकरीत असलेल्या वाचकांनी दोन मिनिटं हसणं थांबवून ते लिहून ठेवावं. मी सरकलो. मग तो फॉर्म घेऊन बसला.

"मामा, दारू?"

"नाही."

"तंबाखू?"

"नाही."

"वजन?"

मी सांगितलं. स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "खरं सांगा हो, कागदावर लिहितोय तो."

"वडील कशाने गेले?"

"वयाने," मी म्हणालो. "ब्याण्णव वर्षांचे होते."

"तसा कोड नाही, मामा. काहीतरी रोग सांगा."

ब्याण्णव वर्षं निरोगी जगलेल्या आमच्या बाबांना शेवटी त्या फॉर्मसाठी एक रोग लावावा लागला. मग हप्त्याचा आकडा आला. तो माझ्या नोकरीतल्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या पगारापेक्षा मोठा होता. वर अठरा टक्के जी.एस.टी. २०१७ पासून हा कर होता, २०२५ च्या सप्टेंबरात घरगुती पॉलिसींवरचा तो उठवला, त्याबद्दल सरकारचे आभार. पण आठ वर्षं आपण आजारी पडण्याच्या भीतीवर कर भरत होतो, याची इतिहासाने नोंद घ्यावी.

"आणि मामा," जाताना भाचा म्हणाला, "तुम्ही सत्तर पूर्ण केलीत की आयुष्मानमधून पाच लाखांचं संरक्षण आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून. उत्पन्नाची अटच नाही."

मी तेव्हा बासष्टीत होतो. म्हणजे आणखी आठ वर्षं तब्येत काटेकोर सांभाळायची. मग आजारी पडायला हरकत नाही.

पॉलिसीची पुस्तिका मी सवड काढून वाचली. निवृत्त माणसाला सवड असते आणि मला बारीक अक्षरांची आवड आहे. अनेक पॉलिसींत असतं तसं माझ्याही पॉलिसीत खोलीचं भाडं दिवसाला विम्याच्या रकमेच्या एक टक्का एवढंच. तुम्ही त्याच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली तर खोलीचे वरचे पैसे तुमचे, हे ठीक. पण मग डॉक्टरच्या, सर्जनच्या फीलाही त्याच प्रमाणात कात्री. म्हणजे खोलीला खिडकी होती, म्हणून पोट कापणाराची फी अर्धी. खिडकीचा आणि पित्ताशयाचा संबंध आयुर्वेदातही सापडणार नाही.

शिवाय एक यादी आहे. विमा नियामकाच्या २०२० च्या परिपत्रकात ती दिली आहे. कशाकशाचे पैसे सहसा मिळत नाहीत, अशा ६८ बाबी. त्यात पाण्याची बाटली आहे, टीव्हीचा आकार आहे, सामान न्यायची पिशवी आहे. इथपर्यंत मी मान डोलावली. पुढे डॉक्टरांचे हातमोजे आहेत. मास्क आहे. थर्मामीटर आहे. म्हणजे तापावर विमा आहे, पण ताप आहे हे पाहण्यावर नाही. आणि खाली शवागाराचा आकारही आहे. तिथवर गेलेल्या गिऱ्हाइकाकडून पुढच्या वर्षीचा हप्ता येत नाही, हे उघडच आहे.

परवाच्या भाद्रपदात, गणपती जाऊन आठ दिवस झाले नव्हते, तेव्हा आमच्या हिला ताप भरला. थर्मामीटर घरचाच होता, एकशे तीन दाखवत होता. तिसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ, चौथ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट: डेंग्यू. प्लेटलेट रोज उतरत होत्या, जिना उतरावा तशा. बोईसरच्या एका लहानशा नर्सिंग होममधल्या डॉक्टरने तिचा हात पाहिला, पापणी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, आज घरी नेऊ नका." 

"कॅशलेस?" मी विचारलं. २०२४ च्या जानेवारीत विमा कंपन्यांच्या परिषदेने 'कॅशलेस एव्हरीवेअर' जाहीर केलं होतं, ते मी वाचलं होतं.

"आहे ना," काउंटरवरचा मुलगा म्हणाला आणि त्याने मोबाइलने पैसे भरायचा चौकोनी पुठ्ठा पुढे सरकवला. रोख नको, म्हणजे कॅशलेसच ते.

ते पाच दिवस मी इथे विनोदाने सांगू शकत नाही. तिसऱ्या रात्री तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. नर्सने डॉक्टरला उठवलं, डॉक्टर पायजम्यावरच आला आणि पहाटेपर्यंत पलंगाशी बसून राहिला. मी बाहेर बाकावर बसून एम.आय.डी.सी.तल्या दिव्यांकडे पाहत होतो. इतकी औषधं करणारं गाव, आणि त्या रात्री मला औषधाचं एक नाव आठवत नव्हतं. सहाव्या दिवशी प्लेटलेट चढायला लागल्या. सातव्या दिवशी तिने दूधवाल्याचा हिशेब विचारला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

बिल आम्ही भरलं. कसं, ते सांगतो. तिच्या भिशीतल्या बायका नर्सिंग होममध्ये आल्या होत्या. त्यांनी 'कार्ड कोणतं?' असं विचारलं नाही, त्यांनी 'किती लागतील?' असं विचारलं. त्या महिन्याची भिशी चिठ्ठी न काढताच आमच्या घरी आली. ज्यांचा नंबर लागू शकत होता, त्यातल्या एकीच्या घरी मुलाची फी भरायची होती, हे मला नंतर कळलं. फॉर्म नव्हता, प्रश्न नव्हता. फक्त, "वहिनी, पुढचे हप्ते वेळेवर हं!" ही एकच अट.

मग मी रीतसर क्लेम पाठवला. कागद लावणं हा माझा धंदाच, त्यात कुणी खोट काढू शकत नाही. महिन्याने पत्र आलं. रुग्णाला दाखल करण्याची वैद्यकीय गरज आढळून येत नाही, उपचार घरी राहून करता आले असते, सबब दावा नामंजूर.

पत्र हिने दोनदा वाचलं. "अहो, म्हणजे मी आजारी नव्हते?"

"आजारी होतीस. पण घरी बसून आजारी पडायला हवं होतंस."

"हे कुणी ठरवलं?"

हाच खरा प्रश्न. ज्याने तिची नाडी पाहिली तो डॉक्टर म्हणाला, दाखल करा. ज्याने तिचा कागद पाहिला तो म्हणाला, गरज नव्हती. कारण? ती बरी झाली. विम्याच्या तर्कशास्त्रात रुग्ण बरा होणं हा तो फारसा आजारी नसल्याचा पुरावा असतो. आणि बरा नाही झाला तर ते ६८ बाबींच्या यादीत आहेच.

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करतो आहे. आमच्याकडे भांड्याला एक मावशी येते, लांबच्या पाड्यावरून. तिच्याकडे आयुष्मान कार्ड आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात ठेवलेलं. राज्यात २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने जीवनदायी योजना आली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली. दीड लाखांचे पाच लाख झाले, २०२३ मध्ये राज्य सरकारने राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांसाठी योजना खुली करायचं ठरवलं. वाईट काहीच नाही. याच योजनेत लोकांची हृदयं दुरुस्त झाली आहेत. पण मावशीच्या नातवाला रात्री फिट आली तेव्हा कार्डावर पाच लाख होते आणि पाड्यावर डॉक्टर नव्हता. सकाळी पहिल्या गाडीने त्याला सिल्वासाला नेलं. पोरगं वाचलं. मावशी म्हणाली, "बाई, कार्ड दाखवायला पण कोण तरी पाहिजे ना समोर!"

यापेक्षा नेमकं मी कुठल्याही अहवालात वाचलेलं नाही. विमा बिल भरतो, दवाखाना बांधत नाही. १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने सांगून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये. आणि त्यासाठी काय सुचवलं? खेड्याखेड्यांच्या जवळ आरोग्य केंद्रं, डॉक्टर, नर्सा, खाटा. समितीने माणसं मागितली होती. आपण कार्डं वाटली. कार्ड छापायला सोपं असतं, ते रात्रपाळीला नाही म्हणत नाही आणि त्याला राहायला क्वार्टर लागत नाही.

आणि बिल भरणारा एकदा मध्ये येऊन बसला, की हळूहळू नाडीही तोच पाहायला लागतो. अमेरिकेत हे पूर्वीच झालं. तिथे आधीपासून आजार असलेल्या माणसाला विमा नाकारायला बंदी करण्यासाठी २०१० साली कायदा करावा लागला आणि ती बंदी मोठ्या माणसांना लागू व्हायला २०१४ उजाडलं. चंद्रावर माणूस पाठवून पंचेचाळीस वर्षं झाल्यावर! आपल्याकडेही नियम सुधारताहेत. २०२४ पासून जुन्या आजारांसाठी थांबायचा काळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला, पासष्टीनंतर पॉलिसी देणारच नाही असं म्हणायची सोय गेली, कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यायचा असं ठरलं. चांगलं आहे. पण हे सगळे नियम कंपनीने कसं वागावं याचे आहेत. बोईसरला रात्री अडीच वाजता पायजम्यावर येणारा डॉक्टर कुठल्या परिपत्रकाने येतो, ते अजून मला सापडलेलं नाही.

असो. मी स्टोअरचा माणूस, जमा-खर्च जुळल्याशिवाय झोप येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. उत्तर तेच आलं, फक्त सही वेगळी. मग विमा लोकपालाकडे गेलो. हे पद १९९८ सालच्या नियमांनी आलं. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की अर्ज करता येतो. मी प्लेटलेटचा आलेख काढला, लाल पेन्सिलने. हिरड्यांतल्या रक्ताची नोंद असलेला नर्सचा कागद जोडला. शेवटी एकच वाक्य लिहिलं: सदर रुग्णास घरी ठेवता आले असते, हे ज्यांनी ठरवले त्यांचे घर नर्सिंग होमपासून किती अंतरावर आहे, ते कळावे.

त्याचं उत्तर मला मिळालं नाही. पण सुनावणीची तारीख लागायच्या आधीच कंपनीचं पत्र आलं. प्रकरणाचा फेरविचार केला आहे, दावा मंजूर. हातमोजे, मास्क, थर्मामीटर वजा जाता रक्कम खात्यात जमा.

पैसे आले ते संक्रांतीच्या आठवड्यात. भिशीचे हप्ते हिने तोवर एकही न चुकवता भरले होते. हळदीकुंकवाला ती तिळगुळाच्या डब्याबरोबर पेढ्यांचा पुडाही घेऊन गेली. मला ही हकीकत नंतर शेजारच्या काकूंनी सांगितली. बायकांनी विचारलं, "वहिनी, पेढे कसले? नात झाली?"

"नाही हो," ही म्हणाली, "कंपनीचं पत्र आलं. भाद्रपदात मी खरंच आजारी होते."